पाऊण तासाचा केक आणि श्रमांचें मोल

एखाद्या वस्तूचें मोल तीवर खर्चिलेल्या श्रमांवरून ठरतें कीं काय, हा प्रश्न अर्थशास्त्रांत पुष्कळ चर्चिला गेला आहे, आणि तेथें बहुतेकांनीं त्याचें उत्तर देऊन टाकलें आहे. परंतु हाच प्रश्न बाजार सोडून स्वयंपाकघरांत शिरला म्हणजे त्याचें रूप पालटतें. तेथें वाद वस्तूच्या किमतीचा नसून स्नेहाच्या किमतीचा असतो. पाहुण्यासाठीं जें पक्वान्न जितक्या कष्टानें केलें तितका त्यांत जिव्हाळा अधिक, आणि जें झटपट झालें त्यांत तो उणा, अशी एक समजूत आपल्या घरांतून, किंबहुना जगांतील बहुतेक घरांतून, रूढ आहे. ती कितपत खरी आहे, याचा विचार एका अगदीं साध्या पदार्थाच्या आधारानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तो पदार्थ म्हणजे अमेरिकेंत घरोघर होणारा 'कॉफी केक' होय.

नांवावरून या केकमध्यें कॉफी घालीत असावेत असा कोणाचाही समज व्हावा; वस्तुतः तो कॉफीबरोबर खावयाचा केक आहे, आणि पुष्कळदां त्यांत कॉफीचा थेंबही नसतो. जर्मनी व स्कँडिनेव्हिया या प्रदेशांतून अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या कुटुंबांनीं तो तिकडे नेला. त्याचें मूळचें रूप संथ होतें. दूध, लोणी व साखर घातलेलें पीठ यीस्टनें फुगवावयाचें, मळावयाचें, पुन्हां फुगूं द्यावयाचें, आणि मग मैदा, साखर व लोणी यांचा चुरा वर पसरून भट्टींत सारावयाचें. या चुऱ्यास जर्मन भाषेंत 'श्ट्रॉइझल' म्हणतात. सकाळीं आठ वाजतां पाहुण्यापुढें केक ठेवावयाचा तर गृहिणीस आदल्या रात्रींच पीठ भिजवावें लागे. आज अमेरिकन घरांतून या नांवानें जो केक होतो त्याची कृति निराळी आहे. दोन पेले मैदा, पाऊण पेला साखर, चहाचे अडीच चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र करावें. त्यांत एक अंडें, पाऊण पेला दूध व पाव पेला वितळलेलें लोणी ओतावें. पीठ ओलें होईपर्यंतच ढवळावें. वर साखर, मैदा, लोणी व दालचिनी यांचा चुरा पसरावा. आणि १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या ओव्हनमध्यें पंचवीस ते तीस मिनिटें ठेवावें. हात धुण्यापासून सुरी लावण्यापर्यंत पाऊण तास पुरे. यांत एक मौज अशी आहे कीं, ढवळणें जास्त झालें तर मैद्यांतील ग्लुटेनचे धागे आवळतात आणि केक चिवट होतो. म्हणजे येथें अधिक कष्ट केल्यानें पदार्थ सुधारत तर नाहींच, उलट बिघडतो. कष्टांचे महत्त्व गाणाऱ्यांना ही गोष्ट अडचणीची आहे; पण तीवर आम्ही फार भर देऊं इच्छीत नाहीं, कारण त्यांचा मुद्दा चवीचा नसून भावाचा आहे.

या सुलभतेचें सारें रहस्य बेकिंग पावडरींत आहे. यीस्ट हा एक सूक्ष्म जीव; तो पिठांतील साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायु सोडतो, आणि जिवाच्या कामाला वेळ लागावयाचाच. सोडा व आम्ल हीं एकत्र ओलीं झालीं म्हणजे तोच वायु तत्काळ सुटूं लागतो. आजच्या पावडरींत आणखी एक आम्ल असें घातलेलें असतें कीं तें उष्णता लागल्यावरच जागें होतें. त्यामुळें मिश्रण थोडा वेळ तसेंच राहिलें तरी हरकत नसते. केक पोटांत जो पोकळ व हलका होतो तो दोन्ही रीतींत त्याच एका वायूनें. यीस्टच्या पिठाला एक आंबूस खुमारी येते, ती पावडरीच्या पिठाला येत नाहीं, हें मान्य करावें लागेल. परंतु तो फरक जिभेला कळणारा आहे, हृदयाला नव्हे.

अमेरिकेंत हा शोध लागण्याची सुरुवात लांकडाच्या राखेपासून झाली. अमेलिया सिमन्स हिच्या १७९६ सालच्या पाकग्रंथांत राखेपासून काढलेला 'पर्लॅश' नांवाचा क्षार पिठांत घालण्यास सांगितलें आहे. पुढें इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानें १८४३ मध्यें बेकिंग पावडर तयार केली. याच गृहस्थानें त्यापूर्वीं, १८३७ मध्यें, अंड्यावांचून होणारी कस्टर्ड पावडर काढिली होती. ती आपल्याकडे फ्रूट सॅलडच्या निमित्तानें इतकी रुळली आहे कीं तिला जन्मकथा असेल हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. त्याच्या पत्नीस अंडें मानवत नसे, म्हणून त्यानें कस्टर्ड पावडर केली. तिला यीस्टही मानवत नसे, म्हणून त्यानें ही दुसरी पावडर केली. ज्या वस्तूला आळशी गृहिणीचा आश्रय म्हणून हिणविण्यांत येतें तिचा जन्मच मुळीं एका स्त्रीच्या पथ्यासाठीं झालेला आहे! सुलभता आणि स्नेह यांचें वैर स्वभावसिद्ध असतें तर असें घडतें ना.

आतां कष्टांच्या पक्षाची बाजू तिच्या उत्तम स्वरूपांत मांडूं. ती अमेरिकेंत सिल्वेस्टर ग्रॅहॅम यानें १८३७ सालीं पावावरच्या आपल्या ग्रंथांत मांडली. त्याचें म्हणणें असें कीं, बेकरीवाल्याचा पाव पोटासाठीं केलेला असतो आणि नोकराचा पाव पगारासाठीं; ज्याला खाणाऱ्याच्या प्रकृतीची खरी आस्था आहे त्यानेंच पाव करावा, आणि अशी आस्था पत्नीच्या व मातेच्याच ठायीं असते; म्हणून पाव तिनेंच केला पाहिजे. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. त्या काळीं पिठांत नाना प्रकारची भेसळ होत असे, आणि आस्था असलेला हात भेसळ करीत नाहीं हें उघड आहे. परंतु ग्रॅहॅमनें एका वाक्यांत दोन निरनिराळ्या गोष्टी बांधून टाकिल्या. आस्था असावी ही एक. आणि ज्याला आस्था आहे त्यानें राबावें ही दुसरी. पहिली नीति आहे. दुसरी केवळ कामाची वांटणी आहे, आणि ती ज्याच्या वाट्यास काम येत नाहीं अशा मनुष्यानें केलेली आहे.

शिवाय पूर्वींचीं कष्टाचीं पक्वान्नें खरोखर कोणाच्या कष्टांनीं होत हेंही पाहिलें पाहिजे. हन्ना ग्लास हिच्या १७४७ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी पाकग्रंथांत पाउंड केकचें मिश्रण हातानें किंवा मोठ्या लांकडी चमच्यानें तासभर फेटण्यास सांगितलें आहे. हा तासभर कोणाचा? ग्रंथकर्त्रीनें प्रस्तावनेंतच सांगून टाकलें आहे कीं, हें पुस्तक खालच्या वर्गांतील मोलकरणींना शिकविण्याकरितां लिहिलें आहे. दिवाणखान्यांत बसून पाहुण्यास आग्रह करणारी मालकीण निराळी, आणि खांदा दुखेपर्यंत पीठ फेटणारी निराळी. अमेरिकेच्या दक्षिण भागांत 'बीटन बिस्किट' नांवाचा पदार्थ आतिथ्याचें भूषण समजला जात असे. त्याचें पीठ मोगरीनें अर्धा अर्धा तास बडवावें लागे. आणि १८६५ पूर्वीं तें बडविणारे हात बहुतेक ठिकाणीं गुलाम स्त्रियांचे असत. त्या घराण्यांच्या सौजन्याचीं वर्णनें आजही आवडीनें वाचलीं जातात. त्या सौजन्यांतील घाम कोणाचा होता हें ध्यानांत आल्यावर, श्रम म्हणजेच प्रेम हें समीकरण आम्हांस तरी तोंडांतून काढवत नाहीं. येथें श्रम एकाचे, प्रेम दुसऱ्याच्या नांवावर जमा, आणि आभार तिसऱ्यानें मानावयाचे, असा हिशेब होता.

यावर कोणी म्हणेल, 'दासीची गोष्ट सोडा. जी स्वतःच्या हातानें करते तिच्याविषयीं बोला.' ठीक आहे. या बाबतींत ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागांत केलेला एक विचार फार उपयोगाचा आहे. उपकार करणाऱ्याचें उपकृतावर जितकें प्रेम असतें तितकें उपकृताचें उपकारकर्त्यावर नसतें, असें कां, हा प्रश्न तो उपस्थित करतो. त्याच्या उत्तराचा एक भाग असा आहे कीं, जें कष्टानें साधलें तें मनुष्यास अधिक प्रिय होतें. कवीला आपली कविता प्रिय असते आणि आईला मूल, तीं याच न्यायानें. अलीकडे, २०१२ मध्यें, तीन अमेरिकन संशोधकांनीं प्रयोग करून हेंच दाखविलें: आपल्या हातानें जोडलेल्या वस्तूला मनुष्य तशाच आयत्या वस्तूपेक्षां अधिक किंमत देण्यास तयार होतो. परंतु यांतून काय सिद्ध झालें तें नीट पाहावें. श्रमांनीं वाढतें तें श्रम करणाऱ्याचें आपल्या कृतीवरचें प्रेम. पाहुण्यावरचें प्रेम त्यानें वाढतेंच असें नाहीं. जिनें सहा तास खपून केक केला तिची दृष्टि पाहुण्याच्या चेहऱ्याकडे जाते ती बहुधा 'केक कसा झाला' हें वाचण्यासाठीं; आणि पाहुण्यास दुसरा तुकडा नको असेल तर वाईट वाटतें तें त्याच्या भुकेबद्दल नव्हे. हा दोष कोणाचा नाहीं, मनुष्यस्वभावच तसा आहे. मात्र त्याला आतिथ्याचें शिखर म्हणूं नये.

आपल्या पुराणांतील सुदाम्याचे पोहे या प्रश्नाला आणखी एका बाजूनें भिडतात. कीर्तनकार ही कथा रंगवून सांगतात, परंतु तींतील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाहीं. ते पोहे सुदाम्याच्या घरीं कांडलेले नव्हते. घरांत कांहींच नव्हतें, म्हणून त्याच्या पत्नीनें शेजारपाजारीं जाऊन चार मुठी मागून आणिल्या व फडक्यांत बांधून दिल्या. म्हणजे ज्या भेटीहून थोर भेट आपल्या परंपरेला ठाऊक नाहीं ती भेट आयती, आणि तीही उसनी होती! श्रमाचें माप लावलें तर ती शून्य ठरते. तथापि तिला कांहींच पडलें नाहीं असेंही नव्हे; दारोदार हात पसरण्याचा संकोच त्या बाईनें गिळला होता. तेव्हां भेटीला कांहीं तरी द्यावें लागतें हें खरें, पण तें दर वेळीं दंडाचे श्रमच असावेत असें नाहीं. कधीं तो संकोच असतो, कधीं पैसा असतो, आणि ज्याच्यापाशीं वेळ फार थोडा आहे त्याच्या बाबतींत तो पाऊण तासच असतो.

आयत्या डब्यांतील पिठाचा प्रश्न याहून थोडा निराळा आहे, कारण तेथें कृतीही दुसऱ्याची असते. पिट्सबर्ग येथील डफ कंपनीनें १९३०च्या सुमारास असें पीठ काढिलें. १९३१ मध्यें 'बिस्क्विक' आलें, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पिठाच्या मोठ्या गिरण्या या धंद्यांत उतरल्या. त्यांच्याविषयीं एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. १९५०च्या दशकांत या डब्यांचा खप मंदावला, तेव्हां व्हिएन्नाहून आलेल्या अर्न्स्ट डिख्टर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें कारखानदारांस सांगितलें कीं, नुसतें पाणी घालून केक होतो म्हणून गृहिणीच्या मनाला अपराधी वाटतें. अंड्याची भुकटी काढून टाका आणि तिला एक ताजें अंडें फोडूं द्या. म्हणजे आपण कांहीं केलें असें तिला वाटेल. तसें केलें आणि खप वाढला, असें सांगतात. गोष्ट चटकदार आहे, पण सनावळीला धरून नाहीं. डफ कंपनीच्या १९३५ सालच्या पेटंटांतच गिऱ्हाइकांना ताजें अंडें अधिक पसंत असल्याचें नमूद आहे. डिख्टर तर अमेरिकेंत पोंचला १९३८ मध्यें. ताज्या अंड्यानें केक चवीला व पोताला अधिक चांगला होतो, एवढें साधें कारण पुरेसें होतें. असें असतां ती गोष्ट इतकीं वर्षें कां टिकली? आमच्या मतें, स्त्रीनें श्रम वांचविले तर तिला अपराधी वाटलेंच पाहिजे, हें ऐकावयास पुष्कळांना बरें वाटतें म्हणून.

याच धंद्यांत बेटी क्रॉकर ही बाई आहे. मिनियापोलिस येथील एका पीठ-कंपनीकडे गृहिणींचीं पाकविषयक पत्रें येत. त्यांच्या उत्तरांवर कोणा बाईची सही असावी म्हणून १९२१ मध्यें हें नांव निर्माण करण्यांत आलें, आणि १९३६ मध्यें तिचें चित्रही काढविण्यांत आलें. ती कधीं जन्मलीच नाहीं. कारखान्याच्या डब्याला घरगुती हाताचा वास यावा म्हणून हा खटाटोप. आम्हांस येथें अप्रामाणिकपणाचा अंश दिसतो तो डब्यांतल्या पिठांत नव्हे, तर त्यावरच्या हसऱ्या चेहऱ्यांत. उलट, तो डबा उघडून केक भाजणारी गृहिणी निदान खरी असते.

मग तिनें पाहुण्यास 'हा घरीं केला' असें म्हणावें कीं नाहीं? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण अशा क्षुल्लक वाक्यांतच माणसाच्या सत्याची परीक्षा होते. आपल्याकडे बाजारांतून चक्का आणून त्यांत साखर व वेलदोडे घातले कीं आपण त्याला घरचें श्रीखंड म्हणतों, आणि ऐकणाराही फसत नाहीं. कारण चक्का कोठून येतो हें दोघांनाही ठाऊक असतें. शब्दाचा अर्थ बोलणारा व ऐकणारा या दोघांच्या संमतीनें ठरतो. जेथें ही संमति आहे तेथें असत्य नाहीं. परंतु पाहुणा 'फार त्रास घेतलात हो' म्हणून हळहळूं लागला, आणि यजमानीण डब्याचा उल्लेख टाळून ती हळहळ पदरांत पाडून घेऊं लागली, कीं मात्र ती न केलेल्या श्रमांचें श्रेय उचलते. हा मोह होतो याचें कारण पुन्हां तेंच: श्रम दाखविल्यावांचून प्रेम पटणार नाहीं अशी धास्ती. समाजानें ती धास्ती आधीं घालावी आणि मग खोटें बोलल्याचा दोष बाईला द्यावा, हा न्याय आम्हांस एकांगी वाटतो.

सुलभतेच्या बाजूनें इतकें बोलल्यावर तिच्याविरुद्धचा खरा आक्षेप सांगितलाच पाहिजे, आणि तो प्रेमाविषयीं नाहीं. तो असा कीं, सुलभता जो वेळ वांचवूं म्हणून सांगते तो बहुधा वांचत नाहीं. रूथ श्वार्ट्झ कोवन या विदुषीनें १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत अमेरिकन घरकामाच्या इतिहासावरून हें दाखवून दिलें आहे. अंडें फेटण्याचें यंत्र घरोघर आलें, तेव्हां फेटण्याचा वेळ कमी होण्याऐवजीं, ज्याला अंड्यांचा पांढरा बलक वेगळा काढून खूप फेटावा लागतो असा 'एंजल फूड केक' लोकप्रिय झाला. धुण्याचीं यंत्रें आलीं तेव्हां कपडे अधिक वेळां धुतले जाऊं लागले. काम सोपें झालें, आणि सोपें झालें म्हणून अधिक मागितलें गेलें. आपल्या देशांत २०१९ मध्यें सरकारनें केलेल्या वेळेच्या पाहणींत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटें वेळ जातो, आणि पुरुषांचा ९७ मिनिटें, असें आढळून आलें. मिक्सर व गॅस यांचा प्रसार इतका झाल्यावरचे हे आंकडे आहेत. तेव्हां पाऊण तासाच्या केकनें गृहिणीची सुटका होईल असें समजणें भाबडेपणाचें आहे. पूर्वीं वर्षांतून दोनदां होणारा पदार्थ पाऊण तासांत होऊं लागला, कीं तो दर रविवारीं व्हावा अशी अपेक्षा सुरू होते. आणि 'त्यांत एवढें काय आहे, चटकन होतो' हें वाक्य उच्चारणारा मनुष्य बहुधा ओव्हनजवळ उभा नसतो. सुलभता ही ज्याच्या हातीं काम आहे त्यानें स्वतः वापरली तर मोकळीक, दुसऱ्यानें त्याच्यावर वापरली तर नवा जाच.

२०२० सालीं महामारीमुळें लोक घरांत अडकले, तेव्हां एक विलक्षण प्रकार घडला. अमेरिकेंतील दुकानांतून यीस्ट मिळेनासें झालें. ज्यांना वेळ मिळाला त्यांनीं झटपट केक सोडून सावकाश फुगणारा पाव करावयास घेतला. कित्येकांनीं तर यीस्टचीही वाट न पाहतां घरींच पीठ आंबविलें, आणि त्या बरणीला लाडकीं नांवें दिलीं. हे श्रम कोणी लादले नव्हते. त्यांत आनंद होता हें आम्ही मुळींच नाकारीत नाहीं. लादलेले श्रम आणि आपण होऊन घेतलेले श्रम यांना एकच शब्द आहे ही भाषेची गरिबी म्हणावयाची.

कॉफी केकच्या बाबतींत मात्र एक गोष्ट सांगावयाची राहिली. बेकिंग पावडरीचा हा केक फार काळ टिकत नाहीं. भट्टींतून काढल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत त्याची जी नरमाई व दालचिनीच्या चुऱ्याची जी कुरकुर असते ती दुसऱ्या दिवशीं राहत नाहीं. म्हणून तो आदल्या दिवशीं करून ठेवण्यांत अर्थ नाहीं; पाहुणा आला, त्याला बसविलें, आणि त्याच्याशीं बोलतां बोलतां मिश्रण ढवळलें, असेंच तें व्हावयास पाहिजे. स्वयंपाकघरांत दुसरी एक खुर्ची असेल तर चुरा चोळण्याचें काम पाहुण्याकडेही देतां येतें. उरलाच तर सकाळीं तो दुधांत बुडवून खावा. लहान मुलांना तो तसाच अधिक आवडतो.